उंदरांची सुईण

पेडण्यातल्या इब्रामपुरात सुमंगला गावसला ‘उंदरांची सुईण’ म्हणतात. टोमणा म्हणूनच म्हणतात, पण तिला तो लागत नाही. तिला लागते ते वेगळेच. इतकी वर्षे हसणाऱ्यांपैकी एकानेही तिला विचारले नाही की बाई गो, उंदीर नीट बाळंत व्हावेत म्हणून पगार देणारे हे लोक आहेत तरी कोण, आणि त्यांना पाहिजे तरी काय? इतका समोरचा प्रश्न माणसांना सुचू नये, याचे तिला खरोखर नवल वाटते. तिला स्वतःला तो पहिल्याच दिवशी सुचला होता, आणि उत्तर मिळेपर्यंत तिने कोणाला सुखाने जेवू दिले नव्हते.

माहेर चोपड्याचे, शापोरा नदीच्या काठचे. बारावीपर्यंत शिकली. आणखी शिकली असती तर तिचे आणि इतर बऱ्याच जणांचे भले झाले असते, पण घरच्यांना लग्नाची घाई. नवरा कृष्णनाथ खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. आधी त्याच्यावर कोंबड्या बसू लागल्या, मग भोपळीचा वेल चढला, आणि ज्या दिवशी वेलाला भोपळा धरला त्या दिवशी सुमंगलाने जाहीर केले की आता हा ट्रक नाही, मांडव आहे, विकून टाका. ट्रक गेल्यावर कृष्णनाथ महिनाभर बोलला नाही. सुमंगला बोलली, दोघांच्या वाटणीचे. पुढे त्याने टेंपो घेतला आणि ती डिचोलीच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतल्या एका संशोधन संस्थेत झाडलोटीला लागली.

तिथून ती उंदीरघरात गेली ती इतरांनी पळ काढला म्हणून. औषधांचे आणि जनुकांचे प्रयोग करायला तिथे पांढरे उंदीर पाळतात. वास सोसेल एक वेळ, पण तिथले नियम ऐकूनच तिच्याबरोबरच्या दोघी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत चपला, पिशव्या आणि अंगावरचे कपडे सोडायचे. हातपाय धुऊन आतल्या खोलीत यायचे. तिथे वाफेवर निर्जंतुक केलेला गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे. मग जे उंदीर सगळ्यात जपायचे त्यांच्या खोलीत आधी. नवीन आलेले आणि आजारी वाटणारे सगळ्यात शेवटी. आणि शेवटच्या खोलीतून परत पहिलीत पाऊल नाही. गेलेच पाहिजे तर पुन्हा धुण्यापासून सुरुवात.

सुमंगला हे ऐकून हसली. सणावाराला सोवळ्यात पाणी भरणारी तिची सासू याहून कडक होती. हे सोवळेच की, ती डॉक्टर साईशना म्हणाली, फक्त देवाच्या जागी उंदीर. साईश हे तिथले जनावरांचे डॉक्टर, डिचोलीचेच, स्वभावाने कोरडे. ते हसले नाहीत, पण त्यांनी तिला त्याच दिवशी ठेवून घेतले.

काम तिने झटकन उचलले. कोणती उंदरीण भरत आली, कोणती घरटे बांधायला लागली, कोणत्या पिल्लांच्या पोटात दूध दिसते आणि कोणत्यांच्या नाही. नव्या पिल्लांची कातडी इतकी पातळ असते की पोटातले दूध बाहेरून पांढरे दिसते. हे पाहून तिला पहिल्यांदा वाटले की आपण आजवर काहीच पाहिलेले नाही. चुकाही पुष्कळ केल्या. एकदा नर ओळखण्यात चूक करून दोन माद्यांना संसाराला लावले आणि त्यांना पिल्ले का होत नाहीत म्हणून काळजी करत बसली. हे ती स्वतःच सांगते, आणि सांगताना कोणी आपल्याआधी हसले तर तिला चालत नाही.

ते उंदीर होते तनयाचे. तनया मोरजीची, पीएचडी करणारी, हुशार, आणि जेवणाची शुद्ध नसलेली. सुमंगला आपल्या डब्यातला अर्धा उंडा, म्हणजे कडक कवचाचा गोल पाव, आणि भाजी तिच्या मेजावर ठेवायची आणि त्याच्या बदल्यात प्रश्न विचारायची. सौदा तनयाला महाग पडला, कारण भाजी संपायची आणि प्रश्न संपायचे नाहीत.

तनयाचे काम असे होते. दूध उतरवणारे एक संप्रेरक मेंदूच्या बुडाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत तयार होते. उंदराच्या बाबतीत वाटाणा कसला, मोहरी म्हणा. त्या संप्रेरकाचे जनुक तनयाने उंदरांत बाहेरून घातले होते आणि त्याला काजव्याच्या उजेडाचे जनुक जोडले होते. म्हणजे संप्रेरकाचे जनुक जिथे बोलेल तिथे उजेड. उंदराला एक औषध टोचायचे, भूल द्यायची, काळ्या पेटीत ठेवायचे, आणि पेटीतला कॅमेरा सांगणार की शरीरात कुठे पेटले आहे.

सुमंगलाने पहिले चित्र पाहिले तेव्हा उंदराच्या डोक्यात एकच ठिपका होता, निळा. तिने विचारले, हे जनुक फक्त त्या ग्रंथीत घातले का? तनया म्हणाली, नाही, अंड्यात असतानाच घातले, म्हणून अंगाच्या प्रत्येक पेशीत आहे. झाले. सुमंगलाने डबा बंद केला. प्रत्येक पेशीत आहे तर शेपटीत का पेटत नाही? पायात का नाही? तनयाने दोन-तीन प्रकारे सांगून पाहिले. जनुकाच्या पुढे एक तुकडा असतो, तो बोलण्याची परवानगी देतो. तो तुकडा ओळखणारी प्रथिने फक्त त्या ग्रंथीतच असतात. ती नसली तर जनुक गप्प. पुस्तकात जसे असते तसेच सांगितले, आणि पुस्तकातले जसे डोक्यावरून जाते तसे ते गेले. सुमंगला बसमध्ये, घरी, भात वाढताना तेच घोळवत राहिली. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी गाऊन घालता घालता तिला उमगले.

“धालोंसारखां तां, बाय,” ती म्हणाली. “धालोंची गाणी आमच्या वाड्यावरच्या सगळ्या बायकांका पाठ. पण म्हणूची ती पौषात, आणि मांडावर. चुलीकडे बसून कोण धालो गाता? मांडावर पाय पडलो की गाणां आपसूक तोंडात येता. थंय म्हणणारी असता, झेलणारी असता.”

तनयाने हातातली नळी खाली ठेवली. मोरजीतही धालो, म्हणजे मांडाच्या अंगणात बायकांनी फेर धरून म्हणायची गाणी, होतात आणि तिची आई त्यात पुढे असते, तरी तिला हे सुचले नव्हते आणि सुचायचे काही कारणही नव्हते. ती म्हणाली की जवळजवळ बरोबर आहे, आणि मग पुढचेही सांगितले. तिच्याकडे उंदरांची दोन घराणी होती. एकात जनुकापुढचा तुकडा लांब ठेवला होता, दुसऱ्यात आखूड. लांब तुकड्याच्या उंदरांत उजेड फक्त ग्रंथीत पडायचा. आखूड तुकड्याच्या उंदरांत ग्रंथीत तर पडायचाच, पण मेंदूच्या दुसऱ्या भागात, कधी पोटाकडेही फिकट डाग दिसायचे. तुकडा कापताना जागा ओळखण्याची खूण कापली गेली असावी.

“म्हणजे आखूडवालीक मांड धड ओळखूक येना नाय,” सुमंगला म्हणाली. “ती न्हाणीत पण गाता.”

यानंतर त्या दोघी आखूड तुकड्याच्या उंदरांना ‘न्हाणीवाल्या’ म्हणू लागल्या. डॉक्टर साईशना ते आवडत नसे. प्रयोगातल्या जनावरांना टोपणनावे देऊ नयेत, असे त्यांचे मत होते.

मग आला तिचा उंदीरघरातला पहिला फाल्गुन, आणि न्हाणीवाल्या आया पिल्ले टाकायला लागल्या.

सकाळी पाहावे तर घरटे विस्कटलेले, पिल्ले भुशात इकडेतिकडे, पोटे रिकामी. कुठे अर्धी खाल्लेली. उंदरीण घाबरली की असे करते, हे तिथे सगळ्यांना माहीत होते. एखाद्या वेळी होतेच. पण एकामागून एक होऊ लागले तेव्हा तनयाचा चेहरा दोन्हीकडे ओढला जाऊ लागला. पिल्ले मरत होती म्हणून वाईट, आणि त्याच वेळी डोळ्यांत चमक. हे संप्रेरक नुसते दूध उतरवत नाही. मेंदूत जाऊन आईला आईसारखे वागायलाही लावते. या उंदरिणींच्या मेंदूत ते जन्मापासून भलत्या जागी तयार होत होते. सतत कोणी कानाशी बोलत राहिले की माणूस ऐकेनासा होतो, तसे झाले असेल तर? जनुक चुकीच्या जागी बोलले म्हणून आईपण बिघडले! तनयाने हे पुण्याच्या आपल्या मार्गदर्शकांना कळवले. ते खूश झाले आणि परिषदेत मांडायला सांगून मोकळे झाले.

डॉक्टर साईश खूश झाले नाहीत. त्यांचे म्हणणे, जनुकाकडे बोट दाखवण्याआधी हातांकडे बघा. प्रसूतीच्या खोलीत हात कोणाचे? सुमंगलाचे. हाताळणीत चूक ठरली तर तिला आत ठेवता येणार नाही; ती बाहेर पिंजरे आणि बाटल्या धुण्याच्या खोलीत जाईल. त्यांनी हे तिच्या तोंडावर सांगितले, मागून नाही. तेवढे त्यांना मानावे लागेल.

म्हणजे गोष्ट अशी आली: दोष जनुकाचा निघाला तर तनयाचे नाव होणार आणि सुमंगलाची जागा राहणार, दोष हाताचा निघाला तर तनयाचा शोध गेला आणि सुमंगला बाटल्या धुवायला. पगारात फरक नव्हता. पण सगळ्या आयुष्यात तिला ही एकच जागा अशी मिळाली होती जिथे ‘का’ विचारले तर कोणी ‘तुला कशाला हव्यात चौकशा’ म्हणत नव्हते. ती तिला सोडायची नव्हती.

तिने आपली कारणे शोधायला घेतली. पहिले कारण अमावास्या. ते तनयाने ऐकूनही घेतले नाही. पण अमावास्या होऊन गेल्यावरही पिल्ले मेली तेव्हा सुमंगलाने ते आपणहून मागे घेतले. मग डोंगरापलीकडच्या खडीच्या क्वारीतले सुरुंग. क्वारी आठवडाभर बंद राहिली, पिल्ले तरीही गेली. मग भुसा, तो नव्या पुरवठादाराचा होता. जुना भुसा आणून पाहिला, फरक नाही. मग तिने एकाच दिवशी दिवे, पाण्याच्या बाटल्या आणि घरट्याचा कापूस असे सगळेच बदलून टाकले. त्यावर तनया तिच्यावर चिडली, चांगलीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मावशे, नाहीतर बरे वाटले तरी कशाने वाटले ते कळणार नाही. सुमंगलाने मान हलवली. तिला हे पटले, आणि पटलेली गोष्ट ती सोडत नाही. सासूचा खोकला जावा म्हणून घरात तीन औषधे एकदम चालली होती, त्यातली दोन तिने त्याच संध्याकाळी बंद केली. त्यावरून घरात काय झाले ते इथे सांगायला नको.

खरी कसोटी तनयाच्याच हातात होती. साध्या उंदरिणी, ज्यांच्यात बाहेरचे कुठलेच जनुक नाही, त्यांची पिल्ले जगतात का? हे आधीच पाहायला हवे होते. पण तिने सगळ्या जागा न्हाणीवाल्यांना दिल्या होत्या, त्यामुळे त्या महिन्यात साधी बाळंतीण खोलीत एकही नव्हती. लांब तुकड्याच्याही नव्हत्या. आता तिने साध्यांच्या जोड्या लावल्या. त्या बाळंत व्हायच्या सुमारालाच इब्रामपुरात सुमंगलाचे चुलत सासरे भिकाजी वारले.

भावकीतला मृत्यू, म्हणजे सुतक. सुमंगलाने रजा घेतली. साईश म्हणाले, चुलत सासऱ्यांसाठी इतके दिवस? ती म्हणाली, डॉक्टर, आजारी उंदरांच्या खोलीतून बाळंतिणीच्या खोलीत तुम्ही माका जाऊक देतास? नाय ना? मगे? साईशनी रजेवर सही केली. चंदगडकडची ज्योती, जी बाहेर बाटल्या धुवायची, तिला तेवढे दिवस आत घेतले.

आणि ज्योतीच्या हाताखाली, सुमंगला गावी सुतकात बसलेली असताना, साध्या उंदरिणींनी पिल्ले टाकली.

तनयाने फोन करून सांगितले. आवाजात काही उरले नव्हते. साध्याच आया असे वागतात, म्हणजे जनुकाचा संबंध नाही. परिषदेला जे पाठवले ते मागे घ्यावे लागणार. पण एक झाले मावशे, ती म्हणाली, तू नव्हतीस तरी झाले, म्हणजे तुझा हात नाही. डॉक्टरांनी तसे मान्य केले आहे. सुमंगला ओसरीवर उभी राहून ऐकत होती. तिला सुटल्यासारखे वाटले, नाही कसे म्हणावे? पण ते फार टिकले नाही. जनुक नाही, हात नाही, सुरुंग नाही, भुसा नाही. मग काय? त्या रात्री जेवताना ती इतकी गप्प होती की कृष्णनाथने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सुतक फिटले त्याच सकाळी ती कामावर आली. बाहेरच्या खोलीत कपडे बदलले, हात धुतले, आतल्या खोलीत आली आणि गाऊनचे कपाट उघडले.

सुरंगी.

वास अंगावर आला, दार उघडल्यावर कुत्रे अंगावर यावे तसा. आता सुरंगी काय चीज आहे हे पेडण्याबाहेरच्यांना सांगायला हवे. फाल्गुनात झाडाच्या फांद्यांना पिवळट कळ्या लगडतात, त्या उमलायच्या आत पहाटे काढायच्या आणि वळेसर करून केसांत माळायचे. वास इतका दाट की बाई वळणावर असते आणि वास दारात पोचलेला असतो. वाळली तरी वास जात नाही. पेडण्यातली बाई त्या दिवसांत सुरंगीशिवाय घराबाहेर पडली तर तब्येत विचारतात. कृष्णनाथ काजूच्या भाटात टेंपो घेऊन जायचा तेव्हा कळ्या आणायचा आणि सुमंगला रोज वळेसर माळून कामावर यायची. आत फुले न्यायची नाहीत हा नियम तिला ठाऊक होता, आणि ती कपडे बदलतानाच वळेसर केसांतून काढत असे. प्रश्न फक्त ठेवायचा कुठे एवढाच. बाहेरच्या खोलीत चपला, लोकांचे डबे, घामाचे कपडे. तिथे फुले ठेवायची? छे. आतल्या खोलीतले गाऊनचे कपाट थंड, स्वच्छ, वाफेतून काढलेले, कोणाचा खरकटा हात न लागलेले. सगळ्या इमारतीत त्याहून सोवळी जागा नव्हती. सगळ्यात वरच्या फळीवर, सागाच्या पानात गुंडाळून, ती रोज वळेसर ठेवायची आणि संध्याकाळी घरी जाताना पुन्हा माळायची. भिकाजी गेल्याचा फोन आला त्या दिवशी ती तशीच धावली आणि तो वर राहिला.

सुतकात फुले माळत नाहीत. घरात सुरंगी आली नव्हती, तिच्या केसांना लागली नव्हती. इतक्या दिवसांनी तिचे नाक पहिल्यांदाच मोकळे होते. तिने एक गाऊन काढून तोंडाशी धरला. मग दुसरा. ते घालून ज्योती आत गेली होती, तनया गेली होती, डॉक्टर गेले होते. उंदराला जग नाकाने कळते हे तनयानेच तिला शिकवले होते. घरट्यावर वाकणारा प्रत्येक माणूस त्या आयांना काय वाटला असेल?

तिने वरच्या फळीवरून पान काढून हातात घेतले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. वळेसर कचऱ्यात टाकला, गाऊन धुवायला पाठवले, कपाट पुसले की पिल्ले जगली असती. तिच्यावरचा ठपका आधीच उतरला होता आणि तो परत तिला शोधत आला नसता. इथे सचोटी वगैरे मोठे शब्द आणायचे कारण नाही. तिला गप्प बसता आले असते, आणि बसलीही असती कदाचित. पण मग कळणार कसे? सुरंगीनेच झाले की आणखी कशाने, हे कोणालाच कधी कळले नसते. तिलासुद्धा नाही. ते तिला सोसले नसते.

पान हातात घेऊन ती बाहेर आली आणि थेट तनयाच्या मेजावर ठेवले.

“हां गाऊनच्या कपाटात होतां,” ती म्हणाली. “महिनाभर. मीच ठेवी.”

तनयाने पान उघडले, हुंगले, आणि डोळे मिटून कदेलाच्या, खुर्चीच्या पाठीला टेकली. तिला राग आला होता हे दिसत होते. तीन आठवड्यांची झोप त्या पानात गुंडाळलेली होती. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी वेगळे येऊ लागले.

“मला वास येत होता,” ती म्हणाली. “रोज येत होता, मावशे. मला वाटलं, मार्च आहे.”

आणि ती हसायला लागली ती थांबेना.

डॉक्टर साईश हसले नाहीत. त्यांनी विचारले, नियम काय आहे? फुले आत न्यायची नाहीत. मग? सुमंगलाचे म्हणणे, उंदरांच्या खोलीत नेलीच नाहीत, कपाटात ठेवली. “आणि डॉक्टर, चपलांच्या शेजारी फुलां कोण ठेवता? तुमच्या आवशीन ठेवल्यानी असती?” साईशनी यावर जरा विचार केला. त्यांच्याही घरी फाल्गुनात सुरंगी येत होती आणि त्यांनाही तो वास जाणवला नव्हता. ते त्यांनी कबूल केले, मोजक्या शब्दांत. पण जागेचे काय ते नंतर बघू, असेही म्हणाले.

फुले लगेच फेकून देऊ नका, असे सुमंगलानेच सांगितले. एका वेळी एकच गोष्ट बदला. तनयाने तसेच मांडले: काही आयांकडे नवीन कपाटातले, धुतलेले गाऊन घालून जायचे, काहींकडे सुरंगीच्या कपाटातले. दोन्ही गटांत साध्या आणि न्हाणीवाल्या अर्ध्या-अर्ध्या. बाकी खोली, भुसा, दिवे, हात, सगळे तेच. सुरंगीच्या गटात अगदी थोड्याच आया ठेवायच्या, या अटीवर साईशनी परवानगी दिली. काही पिल्ले मरणार हे उघड होते. सुमंगलाला ते सोपे गेले नाही. ती म्हणाली, आतापर्यंत फुकट मेली, ही तरी काही सांगून मरतील.

उत्तर स्वच्छ आले. धुतलेल्या गाऊनच्या गटात जवळजवळ सगळी पिल्ले जगली, न्हाणीवाल्यांचीसुद्धा. पोटे दुधाने टच्च, पांढरी. सुरंगीच्या गटात साध्या आणि न्हाणीवाल्या दोघींनीही पिल्ले टाकली. जनुक निर्दोष. तनयाने परिषदेचा मजकूर मागे घेतला. मार्गदर्शकांनी फोनवर काय ऐकवले ते तिने कोणाला सांगितले नाही, पण त्या दिवशी सुमंगलाने तिच्या मेजावर अख्खा उंडा ठेवला.

साईशनी सुमंगलाला बोलावून सांगितले की तिला आतून काढावे लागेल. नियमात सुगंधी वस्तू कपडे बदलण्याच्या खोल्यांतही चालत नाही असे लिहिले होते, तिने त्यावर सही केली होती, आणि ज्योती आता आतले काम शिकली होती. वर्षभराने पुन्हा बघू. तिने ऐकून घेतले. वाद घालता आला असता. तिला तो उत्तम येतो. पण तिला नियम पटला होता, आणि पटले की तिचा इलाज नसतो.

घरी कृष्णनाथला मात्र पटले नाही. टेंपोची काच पुसता पुसता त्याने विचारले, गप रवली असतीस तर काय झाला असता?

“मगे माका कळला कसा असता?” ती म्हणाली.

कृष्णनाथने तिच्याकडे पाहिले, जसे तो बंद पडलेल्या इंजिनाकडे बघत असे, नक्की कुठे बिघाड आहे ते न सापडून, आणि पुन्हा काच पुसू लागला.

धुण्याच्या खोलीत वाफ असते, बाटल्या असतात आणि बोलायला कोणी नसते. सुमंगला तिथे महिनाभर तोंड मिटून होती, हे तिच्या ओळखीच्या कोणाला खरे वाटत नाही. ज्योती दर दुपारी आतल्या खिडकीतून डोकावून ‘आक्का, बाटल्या झाल्या काय वो’ विचारायची, आणि तिला आत काय चालले आहे ते सांगायला वेळ नसायचा, कारण सुमंगलाने वाढवून ठेवलेल्या कामाच्या सवयी तिलाही लागल्या होत्या.

एका दुपारी तनया आली. हातात काही नव्हते. दारातच उभी राहून ती म्हणाली की न्हाणीवाल्या पिल्ले मारत नाहीत, दूध पाजतात, सगळे ठीक आहे. पण तिने एक साधी चाचणी केली. पिल्लू घरट्यातून उचलून पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचे आणि आई किती लवकर आणते ते पाहायचे. साध्या आया लगेच उठतात, तोंडात धरून आणतात. न्हाणीवाल्या उशीर लावतात.

सुमंगलाने नळ बंद केला.

“कपाट?”

“नवीन आहे.”

“ज्योतीच्या डोक्याक तेल-बिल?”

“नाही. मी स्वतः केलं, आणि मी आठवडाभर तेल लावलेलं नाही.” ते दिसतच होते.

“क्वारीत सुरुंग?”

“सगळ्या एकाच खोलीत, मावशे. साध्यांना पण ऐकू जातात.”

“आणि लांब तुकड्यावाल्या?”

“त्यांची पिल्लं पुढच्या आठवड्यात.”

म्हणजे अजून काहीच कळले नाही, असे म्हणत सुमंगलाने हात पुसले, कोपऱ्यातले कदेल पुढे ढकलले आणि स्वतः उलट्या बालदीवर बसली. मला एकच सांग, ती म्हणाली: उशीर लावतात म्हणजे नेमके काय करतात? पिल्लू ओरडते ते त्यांना ऐकूच येत नाही, की ऐकू येऊन उठत नाहीत?

तनया बसली. ती हाच प्रश्न घेऊन आली होती. कान हलवतात, ती म्हणाली. डोके वर करतात, त्या कोपऱ्याकडे बघतात. मग तशाच बसून राहतात. जणू काही मध्येच आठवायचे राहिले. ते मेंदूतल्या फिकट डागाच्या जागेमुळे आहे का? असेल तर ज्यांचा डाग मोठा त्या जास्त उशीर लावायला हव्यात. तसे बघता येईल, पण मोजायचे कसे?

दोघी एकमेकींच्या बोलण्यात बोलू लागल्या. आतल्या खिडकीतून ज्योतीने बाटल्यांसाठी हाक मारली. मग पुन्हा मारली, जरा मोठ्याने. दोघींनी डोकी वर करून खिडकीकडे पाहिले, आणि कोणी उठले नाही.